चवदार तळ्यापासून पोलादपूरपर्यंत : एका विसर्जित संघाची आठवण

मार्च महिना उजाडला की आमच्या चाळीला महाडचे वेध लागतात. नोकरदाराला रजेची चिंता, बायामाणसांना शिदोरीची चिंता आणि मुलांना खिडकीजवळच्या जागेची चिंता! पण १९ मार्चच्या रात्री एकदा एस.टी.त बसलो की या सगळ्या चिंता पनवेलच्या अलीकडेच राहून जातात. यंदा आम्ही दोन कुटुंबांची मिळून सात माणसे निघालो होतो. महाडला मानवंदना द्यायची आणि तेथून पुढे पोलादपूर तालुक्यातील आमच्या सासुरवाडीला, तेथल्या बौद्धवाडीत एक रात्र मुक्काम करायचा, असा बेत होता. सामानात भाकऱ्या, लसणाची चटणी, पांढरे कपडे आणि आमच्या तेरा वर्षांच्या पुतण्याच्या हट्टापायी एक बॅट, असा ऐवज होता.

"आपण क्रांतिभूमीला चाललोय, मैदानात नाही," असे त्याच्या आईने त्याला दोनदा सुनावले. पण पठ्ठ्याने बॅट काही सोडली नाही. पेण मागे पडले, गाडीतले दिवे मालवले, तेव्हा ती बॅट मांडीवर आडवी घेऊन तो हळूच म्हणाला, "काका, क्रिकेटमध्ये आपलं कुणी मोठं झालं का हो?"

'आपलं' म्हणजे काय ते आम्हाला कळले. ज्या समाजाला पाणी वरून वाढले जात होते, त्या समाजातले कुणी, असे त्याला विचारायचे होते. प्रश्न सोपा होता, उत्तर मात्र लांबलचक होते. ते सांगता सांगता माणगाव कधी आले ते समजले नाही. वाचकहो, तीच हकिगत आज आपल्यापुढे ठेवीत आहोत, कारण ती सांगताना चवदार तळ्याचा अर्थ आम्हालाही नव्याने उमगला.

धर्माच्या नावाचे संघ

आज मुंबई, महाराष्ट्र, भारत अशा नावांचे संघ खेळतात. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत तसे नव्हते. तेथे धर्माच्या नावाने संघ पडत. गोरे युरोपियन आणि पारशी यांचे सामने १८९२ पासून चालत आले होते. १९०७ साली त्यांत हिंदूंचा संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. १९३७ पासून 'इतर' नावाचा पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध असे उरलेले सारे. हे सामने पाहायला गिरणगावापासून फोर्टापर्यंत सारी मुंबई लोटत असे.

यातला 'हिंदू संघ' आज अस्तित्वात नाही. शेवटची पंचरंगी स्पर्धा १९४५-४६ च्या हंगामात झाली. ती याच संघाने जिंकली आणि त्यानंतर तो संघ कायमचा विसर्जित झाला. धर्मावर आधारलेले हे सामने बरे नव्हेत, असे गांधीजींनी १९४० सालीच बोलून दाखविले होते. पुढे देशात दंग्यांचे दिवस आले आणि ती प्रथाच संपली. संघ गेला, पण त्याच्या इतिहासातले काही क्षण मात्र आमच्या समाजाने विसरता कामा नयेत. कारण त्या संघाला पहिल्यांदा मोठेपण मिळवून देणारा गोलंदाज अस्पृश्य होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

बाळू चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या नोकरीत होते, जसे आपल्या बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी होते. लष्करी छावणीच्या आसपास वाढलेल्या या पोराच्या हाती चेंडू आला तो गोऱ्यांचा खेळ पाहून. पुण्यात एका पारशी क्लबात मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि पगार महिना तीन रुपये! तेथून ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तेथे ग्रेग नावाचे नामांकित फलंदाज होते. ते सरावाला लवकर येत आणि बाळूंना तासन् तास गोलंदाजी करायला लावीत. डाव्या हाताची ती संथ, फसवी गोलंदाजी तेथेच घोटली गेली. पण बॅट हाती घेऊन सराव करण्याची संधी बाळूंना मिळत नसे. नेटिवाने चेंडू टाकायचा, साहेबाने तो टोलवायचा, अशी ती वाटणी होती.

"म्हणजे बॅटिंगच नाही?" पुतण्याने बॅट घट्ट धरीत विचारले.

बॅटिंगचे राहू दे, बाळा. चहाचे ऐक.

मातीचे भांडे

पुण्याच्या हिंदू मंडळींना गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी चांगला गोलंदाज हवा होता. बाळूंना घ्यावे की घेऊ नये यावर बराच खल झाला. शेवटी घेतले. मैदानात त्यांनी टाकलेल्या चेंडूला साऱ्यांचे हात लागत होते. तो चेंडू बाटत नव्हता! पण चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे ताटही निराळे, जागाही निराळी.

पुढे बाळूंनी बळींवर बळी घेतले, संघ जिंकू लागला, तसे हे थोडेथोडे सैल झाले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, अशा आशयाचे न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीरपणे सांगितले. १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्यातून खेळू लागले आणि बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला लागले. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही एकामागून एक नावारूपाला आले. एकाच घरातले चार भाऊ!

पहिला मोठा क्षण आला तो फेब्रुवारी १९०६ मध्ये. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, गोऱ्यांच्या १९१ आणि १०२. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला, आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. ज्यांचे राज्य त्यांनाच त्यांच्या खेळात हरविले, म्हणून साऱ्या देशात त्याची चर्चा झाली.

दुसरा क्षण १९११ चा. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी एकंदर दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या एका तरुणाने तयार केले होते, असे इतिहासकार नमूद करतात. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

हे ऐकताच पुतण्या ताठ बसला. पुढच्या बाकावरच्या एका बाई, अनोळखीच, मागे वळून म्हणाल्या, "पुढे सांगा भाऊ, आम्हीपण ऐकतोय."

कप्तानपद कुणाचे?

पुढची गोष्ट मानाची नाही, डावलण्याची आहे. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी, बाळूंइतका यशस्वी दुसरा नव्हता. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही सरासरी पंधरा धावांना एक या हिशेबाने. तरी कप्तान म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै यांनी स्वतः हा मान बाळूंना मिळायला हवा होता, अशा अर्थाचे बोलून दाखविले. हे पैंचे मोठेपण. पण बोलून दाखविले एवढेच, मान काही मिळाला नाही.

१९२० साली तर कहर झाला. बाळूंना वगळले. पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांचा हक्क डावलून कप्तानपद दुसऱ्याकडे गेले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी काय केले? मान खाली घालून खेळले नाहीत. ते संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. लोकांत चर्चा झाली, जिमखान्यावर दबाव आला. अखेर पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी दोघांना परत बोलाविले, बाळूंना उपकप्तान केले. बरे होऊन परतलेले पै त्या सामन्यात काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ का होईना, हिंदू संघाची सूत्रे एका अस्पृश्याच्या हाती आली. आणि १९२३ साली विठ्ठल रीतसर कप्तान झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरविले आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले.

ही झाली गाडीतली गोष्ट. एव्हाना लोणेरे मागे पडले होते आणि पूर्वेला फटफटू लागले होते.

दासगाव, गांधारपाले, महाड

दासगाव आले की आम्ही दरवर्षी मनातल्या मनात नमस्कार करतो. १९२७ च्या डिसेंबरात, दुसऱ्या परिषदेच्या वेळी, बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना न्यायला मोटारवाले तयार नव्हते. म्हणून ती मंडळी 'पद्मावती' बोटीने निघाली, दासगावच्या बंदरात उतरली आणि तेथून पाच मैल चालत महाडला गेली. आज तेच अंतर गाडी काही मिनिटांत कापते. पुढे डाव्या हाताला गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसू लागतात. डोंगराच्या कपाळावर कोरलेली ती विहारे पाहिली की वाटते, आम्ही येथे पाहुणे नव्हेत. आमच्या धम्माचे बिऱ्हाड या दगडात दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे.

महाडात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पांढरी साडी, निळा पंचा, कडेवर पोर, डोक्यावर ऊन. कुणी बीडहून आलेले, कुणी खानदेशातून. पुस्तकांच्या दुकानांपुढे मात्र गर्दी सर्वांत जास्त, हे आमच्या समाजाचे भूषण. आम्ही रांगेने तळ्याकाठी गेलो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि पायऱ्यांवर घटकाभर टेकलो.

तेथे बसल्यावर गाडीतली गोष्ट पुन्हा आठवली आणि तारखा जुळू लागल्या. विठ्ठल कप्तान झाले ते साल १९२३. त्याच वर्षी ४ ऑगस्टला मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर पाणी मिळाले होते आणि मैदानावर कप्तानपद मिळाले होते. एखाद्याला वाटले असते की आता राहिले काय?

राहिले होते ते २० मार्च १९२७ ला उघडे पडले. बाबासाहेब हजारो बांधवांसह या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. आमच्या परतणाऱ्या निःशस्त्र बांधवांवर लाठ्याकाठ्या चालल्या. आणि तळ्याचे काय केले? दूध, दही, शेण, गोमूत्र यांची १०८ मातीची मडकी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतले! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला.

आम्ही पुतण्याला विचारले, "बाळूंना चहा कशातून देत?"

"मातीच्या भांड्यातून."

"आणि हे तळे कशाने शुद्ध केले?"

तो काही बोलला नाही. पाण्याकडे पाहत राहिला. त्याला उत्तर आले होते.

वाचकहो, ज्या हिंदू प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले, त्या समाजाच्याच दुसऱ्या टोकाला चार वर्षांनी हे घडले. खांद्यावर घेणारे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा आनंद खरा असेल. पण तो आनंद विजयाचा होता. जो जिंकून देतो त्याच्यापुरता विटाळ बाजूला ठेवता येतो. जो जिंकून देत नाही, ज्याला चेंडू टाकता येत नाही, जो फक्त तहानलेला आहे, त्याच्यासाठी मडकी तयारच होती. बाळूंचा कप बदलला तो बाळूंच्या गुणांमुळे, बाळूंपुरता. बाबासाहेबांनी मात्र तळ्यावर कोणाचे गुण मोजले नाहीत. तहान लागली आहे आणि माणूस आहे, एवढी पात्रता त्यांना पुरेशी वाटली.

पोलादपूरच्या वाटेवर

दुपारी आम्ही पोलादपूरची गाडी धरली. महाड सोडल्यावर सावित्रीचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथलाच जुना पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पूल ओलांडताना गाडीतले बोलणे आपोआप थांबले. पुढे डोंगर जवळ येऊ लागतात. पोलादपूर म्हणजे दोन घाटांच्या पायथ्याचे गाव. एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढते, दुसरी कशेडीकडून रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात आहे. भातशेती तुटपुंजी, पावसाळा दांडगा, म्हणून येथला तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईचा चाकरमानी झाला. आमच्या समाजाचे तर विचारूच नका. गिरणी, गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटी यांवरच वाडीच्या चुली पेटल्या.

सासुरवाडीच्या विहाराजवळ एक सपाट तुकडा आहे. तेथे एके काळी वाडीच्या संघाचे मैदान होते. त्याआधी आमच्या वाडीतले दोन गोलंदाज गावाच्या संघातून खेळत. त्यांतला एक, आता पन्नाशी ओलांडलेला, आम्हाला हसत म्हणाला, "दाजी, विकेटा आमच्या आणि कप्तान त्यांचा. शेवटी आम्ही आमचाच संघ काढला." त्या संघाने मे महिन्यातल्या टेनिस चेंडूच्या सामन्यांत आजूबाजूच्या गावांत नाव काढले. पण दरवर्षी एक एक खेळाडू मुंबईला गेला आणि एका वर्षी अकरा जणच भरले नाहीत. संघ मोडला. विहाराच्या कपाटात तीन-चार करंडक आहेत, तेवढीच त्याची खूण.

रात्री जेवणानंतर विहाराच्या ओट्यावर माणसे जमली. पुतण्याने उत्साहाने बाळूंची गोष्ट सुरू केली. तेवढ्यात वाडीतले एक वयोवृद्ध आजोबा, उभे आयुष्य परळच्या गिरणीत काढलेले, काठी आपटून म्हणाले, "कोणाचं नाव घेतोस रे पोरा, आज वीस मार्चला? बाबासाहेबांच्या समोर निवडणुकीला उभा राहिलेला माणूस तो. माझा बाप रात्र रात्र प्रचाराला फिरलाय बाबासाहेबांसाठी. मला सगळं ठाऊक आहे."

ओटा गप्प झाला. पुतण्याचे तोंड उतरले. गाडीत आम्ही त्याला एवढे सांगितलेच नव्हते. चूक आमची होती.

आजोबांचे म्हणणे खरे होते. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत पी. बाळू आहेत. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला त्यांचा विरोध होता. धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांनी विरोध केला. आणि फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या ई आणि एफ वॉर्डांत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभे केले ते बाळूंनाच. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले. त्यानंतर महिन्याभरातच, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या दाव्यात आपल्या बाजूने निकाल दिला.

आम्ही आजोबांना म्हटले, "आजोबा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण ज्याचं मानपत्र बाबासाहेबांनी लिहिलं, त्याला आपण नुसता विरोधक म्हणून कसा पुसून टाकायचा? तो हिंदूंच्या संघात राहून वर चढला. त्याला वाटलं, जसा माझा कप बदलला तसा सगळ्यांचा बदलेल, थोडा दम धरा. त्याच्या आयुष्यात तसं घडलंही होतं. म्हणून तो तसा वागला. बाबासाहेबांनी महाडात पाहिलं की तसं घडणार नाही. दोघांनी पाहिलेलं वेगळं, म्हणून दोघांची वाट वेगळी."

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला चहा खरंच मातीच्या भांड्यात द्यायचे?"

"हो."

"आमच्या लहानपणी इकडं एका हाटेलाबाहेर कान तुटलेला कप टांगलेला असायचा. आमच्यासाठी. आपण प्यायचा, आपण धुवायचा, आपणच परत अडकवायचा." एवढे बोलून ते थांबले. काठी बाजूला ठेवली. मग पुतण्याकडे वळून म्हणाले, "सांग पोरा. पण सगळं सांग. विकेटी सांगतोस तशी निवडणूकपण सांग. अर्धवट सांगू नको."

तिकडचा चेंडू, इकडचा चेंडू

वाडीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, त्याने मोबाइलवर '४२' नावाचा सिनेमा पाहिला आहे, जॅकी रॉबिन्सनचा. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटसारखा घरोघर पोहोचलेला. तेथे मोठ्या संघांत काळ्या खेळाडूला मज्जाव होता. म्हणून काळ्यांनी आपले वेगळे संघ आणि वेगळ्या स्पर्धा उभ्या केल्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, त्याच काळात शेजारच्या हार्लेममध्ये 'लिंकन जायंट्स' हा काळ्यांचा नामांकित संघ खेळत होता. गोऱ्या खेळाडूंच्या संघांनाही तो प्रदर्शनीय सामन्यांत हरवीत असे. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तेव्हा ती भिंत फुटली. त्यानंतर काळ्यांचे ते संघ हळूहळू बंद पडले. लिंकन जायंट्स तर त्याआधीच संपला होता.

"मग तिकडं जास्त वाईट होतं की इकडं?" पुतण्याने विचारले.

आमच्याने एकदम उत्तर देववेना. तिकडे संघच निराळा होता. इकडे संघ एक आणि कप निराळा. तिकडचा अन्याय दारावर पाटी लावून उभा होता. इकडचा अन्याय तुम्हाला आत घेऊन, तुमच्याकडून बळी घेऊन, मग चहाच्या वेळी बाहेर उभा करीत होता. कमी-जास्त कशाला ठरवायचे? दोन्हीकडे माणसाच्या तहानेला आणि मानाला जात-वर्ण विचारला गेला, एवढे खरे.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. त्यानंतर सव्वा वर्षाने, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी आम्हाला त्या संघातूनच बाहेर काढले. कप्तानपद मागत बसायचे नाही, आपला स्वतंत्र संघ उभा करायचा, आणि त्या संघात येणाऱ्या कोणालाही जात विचारायची नाही. धम्मदीक्षेचा अर्थ लहान मुलाला सांगायचा झाला तर आम्ही असाच सांगू.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडूच्या आवाजानेच आम्हाला जाग आली. पुतण्याने बॅट काढली होती. वाडीतली चार मुले, दोन मुली आणि पलीकडच्या वाडीतले तीन पोरगे, असा जेमतेम नऊ जणांचा खेळ रंगला होता. स्टंप म्हणून बांबूच्या काटक्या. मोडलेल्या संघाच्या मैदानावरचे गवत त्यांनी पायांनीच दाबून काढले होते. खेळ संपल्यावर सगळी घामाने निथळत विहाराच्या ओट्यावर आली. आमच्या वहिनींनी तांब्या पुढे केला. तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला, आणि पलीकडच्या वाडीतला पोरगाही त्यातूनच घटाघटा पाणी प्याला.

एका तांब्याने जात मोडली, असे म्हणण्याइतके भोळे आम्ही नाही. ही मुले उद्या मोठी होतील. लग्नाच्या, जागेच्या, मताच्या गोष्टी येतील, तेव्हा खरी परीक्षा. पण त्या मुलाने तांब्या तोंडाला लावण्यापूर्वी इकडेतिकडे पाहिले नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि ते लिहून ठेवावेसे वाटले.

एस.टी.च्या थांब्यावर आजोबा सोडायला आले होते. गाडी आल्यावर पुतण्याने आपली बॅट वाडीतल्या एका मुलीच्या हाती दिली. "मे महिन्यात येतो, तोवर तुमच्याकडे राहू दे," म्हणाला. ती मुलगी म्हणाली, "मग कप्तान मी." तो म्हणाला, "चालेल."

आमची कुटुंबवत्सल वाचकांना एवढीच विनंती आहे. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी टी.व्ही.समोर बसून क्रिकेट पाहत असेल, तेव्हा जाहिरातीच्या वेळात त्याला किंवा तिला ही हकिगत सांगा. पालवणकर बंधूंच्या विकेटी सांगा, १९२० सालचा त्यांचा बाणेदारपणा सांगा आणि १९३७ ची निवडणूकही सांगा. आजोबांनी म्हटल्याप्रमाणे, अर्धवट सांगू नका. आणि पुढच्या २० मार्चला मुलांना घेऊन महाडला या. तळ्याच्या पायऱ्यांवर बसवा आणि त्यांना विचारा, मडके कशाकशासाठी वापरले गेले. उत्तर त्यांचे त्यांना येईल.

जयभीम!